यार्देन म्हणजे हीच का? नगरच्या मंडळ्यांबरोबर पवित्र भूमीत ११ दिवस

खळ्यावरची

परवा आईचं कपाट आवरताना तिच्या बायबलात एक निळी चिठ्ठी सापडली. इस्राएलमध्ये शिरताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, ही एवढीशी चिठ्ठी हातात देतात. आईने ती लूकच्या शुभवर्तमानात खूण म्हणून घालून ठेवली होती.

सहल झाली फेब्रुवारी २०२३ मध्ये. आल्यावर लगेच इथे लिहायचं ठरवलं होतं. पण कांद्याची काढणी आली, मग पाऊस आला, आणि ७ ऑक्टोबरच्या हमासच्या हल्ल्यानंतर तिकडून रोज ज्या बातम्या यायला लागल्या, त्यात 'आम्ही बोटीत बसून गाणी म्हटली' असं लिहायला हात धजेना. चिठ्ठी सापडली म्हणून आता लिहितेय.

आम्ही ४१ जण. नेवासे-शेवगाव पट्ट्यातल्या चार गावच्या मंडळ्या आणि पुढे पाळकसाहेब. बहुतेक साठीच्या पुढचे शेतकरी, दोन निवृत्त शिक्षिका, एक नर्सबाई आणि एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका. निम्म्यांचा पासपोर्ट या सहलीसाठीच काढलेला.

मुंबईहून अम्मानला उतरलो. पहिल्याच सकाळी मादबा, म्हणजे बायबलमधलं मेदबा. तिथल्या सेंट जॉर्ज चर्चच्या जमिनीवर सहाव्या शतकातला नकाशा आहे, रंगीत दगडांचे बारीक तुकडे जडवून केलेला. पवित्र भूमीचा याहून जुना नकाशा शिल्लक नाही म्हणतात. वाटाड्या यरुशलेम दाखवत होता, तटबंदी, दरवाजे, खांबांचा रस्ता. आई मात्र एका माशाकडे बघत होती. नकाशात यार्देन नदी मृत समुद्राला मिळते, तिथे एक मासा तोंड फिरवून उलटा वर निघालाय. पुढे खारट पाणी आहे हे त्याला कळलंय! चौदाशे वर्षांपूर्वीच्या कारागिराची ही गंमत आईला बरोबर कळली.

तिथून नबो डोंगर. मोशेला इथूनच वचनदत्त देश दिसला, पण जाता आलं नाही. धुकट होतं, यरीहो दिसलं, यरुशलेम नाही. पाळकसाहेबांनी बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा ३४वा अध्याय वाचला. सगळे गप्प. कंडक्टर काका हळूच म्हणाले, "चाळीस वर्षं गाडी चालवली, स्टॉप दिसायला लागला आन् तिथंच उतरवून दिलं."

मग तो पूल. जॉर्डनमधून पलीकडे जायचा. अंतर काहीच नाही, वेळ साडेचार तास. प्रत्येक बॅग, प्रत्येक प्रश्न. "एकमेकांचे कोण?" या प्रश्नाला आमच्यातल्या एका आजोबांनी "आम्ही सगळे ख्रिस्तात भाऊबहीण" असं उत्तर दिलं आणि त्यांना अर्धा तास बाजूला बसवलं.

यरीहोत जक्कयाचं झाड. आपल्या मराठी बायबलात येशूला बघायला जक्कय उंबराच्या झाडावर चढतो, म्हणून आमचे शेतकरी उंबरच शोधत होते. रस्त्याच्या कडेला, कुंपणात, चांगलं दांडगं झाड. पानं थोडी वेगळी. कुणी म्हणालं, हे कसलं उंबर. मग फांदीच्या सालीलाच लगडलेली फळं दाखवली तेव्हा समाधान झालं. "दत्ताच्या देवळापुढचंच की!"

आणि यार्देन. कसर अल-यहूद नावाची जागा आहे, योहानाने येशूला बाप्तिस्मा दिला ती हीच असं परंपरा मानते. पलीकडच्या काठाला जॉर्डन देश, तिकडेही यात्रेकरू. दोन्ही काठांवरची माणसं एकमेकांना हात करतात, मध्ये दोरी. पाणी गढूळ, पिवळट, रुंदी पाच-सात मीटर. लहानपणापासून 'यार्देन' म्हटलं की डोळ्यांपुढे गोदावरीसारखं पात्र यायचं. कंडक्टर काकांनी विचारलं, "यार्देन म्हंजे हीच का?" वाटाड्या हो म्हणाला. "आमच्या प्रवरेचा कालवा बरा की."

पण मग त्यांनीच पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात उतरले आणि कितीतरी वेळ बाहेर येईनात.

बेथलेहेमला चार रात्री राहिलो. ख्रिस्तजन्माच्या चर्चचा दरवाजा जेमतेम चार फूट उंच आहे. घोड्यावरून कुणी आत घुसू नये म्हणून पूर्वी बुजवून लहान केला म्हणतात. सगळ्यांना वाकूनच आत जावं लागतं. पाळकसाहेबांचं डोकं आपटलं. आईची पाठ आयुष्यभर खुरपून वाकलेली आहे. ती चालत होती तशीच आत गेली. वळून म्हणाली, "काय झालं, या की."

गालीलात मात्र घात झाला. कफर्णहूम, पेत्राचं गाव, येशू जिथे राहिला आणि शिकवलं ती जागा, तिथे आम्हाला किती वेळ मिळाला? २५ मिनिटं. आदल्या दिवशी बेथलेहेमात जैतुनाच्या लाकडाच्या दुकानात? एक तास वीस मिनिटं. सहल काढणाऱ्याचं नाव लिहीत नाही, पण दुकानाबाहेर बसची दारं बंद ठेवायचं कारण काय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्या २५ मिनिटांत आई देवळाकडे गेलीच नाही. कफर्णहूमला सभास्थानाचे पांढरे खांब उभे आहेत, सगळे त्यांचे फोटो काढतात. बाजूला घरांचे पाये, जाती, उखळं, तेल काढायचे घाणे मांडून ठेवलेत, सगळे काळ्या दगडाचे. ज्वालामुखीचा बसाल्ट. आपल्या नगरकडे जो घराच्या पायात घालतो, ज्याचा पाटा-वरवंटा असतो, त्याच जातीचा. आई एका जात्यापाशी खाली बसली आणि टाकीच्या खुणांवरून बोट फिरवत राहिली. "हे टाकवायला आलं होतं," म्हणाली. म्हणजे खाचा झिजल्यात, टाकवल्याशिवाय दळणार नाही. मी हसले. मग लक्षात आलं, ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईची अडचण सांगत होती.

सिनेमातलं आणि कॅलेंडरवरचं यरुशलेम सगळं संगमरवरी असतं. मला तिथे जाऊन कळलं ते एवढंच, की हा सगळा मामला गावचा आहे. काळा दगड, मेंढरं, उंबर, खळं, मासळी. आणि अंतरंही पायी चालायची. प्रश्न असतील तर विचारा, फोटो चढवायला मला जमत नाही.


सहज_विचारलं

छान लिहिलंय ताई. आईंचं जात्याचं वाचून माझी आजी आठवली. खर्च किती आला? आणि शाकाहारी माणसाचं काय होतं तिकडे?


उमेळेकर

जय ख्रिस्त. आम्ही वसईतून २०१८ साली गेलो होतो, फादरांबरोबर, ५२ जण. तुमचा पुलावरचा अनुभव अगदी तोच. आमच्याकडे ५२ पैकी १९ जणांचं आडनाव एकच होतं, ते समजावताना आमच्या फादरांना घाम फुटला.

एक विचारतो. तुम्ही पवित्र कबरेच्या महामंदिराबद्दल, येशूची कबर जिथे मानतात त्या चर्चबद्दल, एक अक्षर लिहिलं नाही. क्रूसाच्या वाटेबद्दलही नाही. आमच्यासाठी तर सगळी यात्राच त्यासाठी होती. पहाटे पाचला निघून चौदा स्थानं केली, खांद्यावर क्रूस आळीपाळीने. दुकानं उघडायच्या आत गल्ल्या मोकळ्या असतात. शेवटी कालवारीवर, क्रूसाच्या जागी, मिस्सा.


खळ्यावरची

@सहज_विचारलं: माणशी १ लाख ३८ हजार, विमान, व्हिसा, दोन्ही वेळचं जेवण धरून. टिपेचे ८० डॉलर वेगळे, हे आधी सांगितलं नव्हतं. शाकाहाऱ्याची चंगळ आहे. हुमूस, फलाफल, काकडी-टोमॅटो, दही, जैतून, खजूर. तिखट तेवढं नाही. आमच्याकडे दोन किलो शेंगदाण्याची चटणी होती, सहाव्या दिवशी संपली आणि त्यावरून थोडे रुसवेफुगवे झाले.

@उमेळेकर दादा: बरोबर पकडलंत. मुद्दाम टाळलं, कारण आमच्या गटात त्यावरून दोन तट पडले होते.

आम्ही प्रोटेस्टंट. क्रूसाच्या वाटेवर दुपारी गेलो, बाजार भरलेला. एका आजोबांना पायऱ्या झेपेनात, त्यांना एका मसाल्याच्या दुकानात बसवून आम्ही पुढे गेलो. परतलो तेव्हा दुकानदार त्यांना कसल्याशा पानांचा चहा पाजत होता, आणि दोघे, एक अरबीतून आणि एक मराठीतून, आपापल्या गुडघ्यांबद्दल बोलत होते.

महामंदिरात कबरेच्या रांगेत दोन तास. आत गेल्यावर दहा सेकंद. गुडघे टेकते न टेकते तोच बाहेरून साधूबुवा दारावर टकटक करतात. अंधार, धूप, ढकलाढकल, आई घाबरली. दुसऱ्या दिवशी दमास्कस दरवाजाबाहेर बागेतल्या कबरेवर गेलो. झाडं, बाकं, शांतता. जैतुनाच्या लाकडाच्या बोटभर पेल्यांतून प्रभुभोजन घेतलं. दारावरच्या पाटीवर 'तो येथे नाही, कारण तो उठला आहे' अशा अर्थाची ओळ आहे. आई तिथे रडली, आदल्या दिवशी नाही. म्हणून गटातले बरेच म्हणाले, खरी जागा हीच असणार.


दगडधोंडे

आता मला बोलावंच लागेल. मी धार्मिक माणूस नाही, उत्खननांबद्दल वाचण्याचा नाद आहे.

बागेतली कबर सुंदर आहे, पण पुरावा तिच्या बाजूने नाही. तिला प्रसिद्धी मिळाली १८८३ मध्ये ब्रिटिश जनरल गॉर्डनमुळे. तिथला कडा त्याला कवटीसारखा दिसला, आणि गुलगुथा म्हणजे कवटीची जागा. पण कबरेची रचना तपासणाऱ्या पुरातत्त्वज्ञांनी ती लोहयुगातली, म्हणजे येशूच्या आधी सहा-सातशे वर्षं कोरलेली ठरवली आहे. शुभवर्तमान म्हणतं की कबर नवी होती.

महामंदिरावर नेहमीचा आक्षेप असतो की ते तर शहराच्या आत आहे आणि क्रूसावर तर वेशीबाहेर चढवायचे. आक्षेप रास्त वाटतो, पण तट नंतर सरकला. त्या भागाला आत घेणारी भिंत हेरोद अग्रिप्पाने इ.स. ४१ ते ४४ च्या सुमारास बांधली. येशूच्या काळी ती जागा बाहेर होती. शिवाय आत, सिरियन प्रार्थनागृहाच्या मागे, पहिल्या शतकातल्या पद्धतीच्या कबरी अजून आहेत, भिंतीत खोल भोकं कोरून केलेल्या. बहुतेक यात्रेकरू तिकडे जातच नाहीत, बॅटरी लागते.

२०१६ मध्ये ग्रीक तज्ज्ञांनी कबरेवरच्या छोट्या मंदिराची दुरुस्ती करताना वरची संगमरवरी फरशी सरकवली. खाली आणखी एक फरशी, तिच्या खाली खडकात कोरलेला ओटा. त्या खालच्या फरशीच्या चुन्याचं वय चौथ्या शतकाच्या मध्याचं निघालं, म्हणजे रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनच्या बांधकामाशी जुळणारं. येशूला तिथेच ठेवलं होतं हे यातून सिद्ध होत नाही. पण चौथ्या शतकात लोक जी जागा मानत होते ती हीच, एवढं नक्की.


उमेळेकर

धन्यवाद दगडधोंडे. मी श्रद्धेने म्हणत होतो, तुम्ही भिंत काढून दाखवलीत.

त्या गोंधळाबद्दल थोडं सांगतो. एकाच छपराखाली सहा पंथ राहतात: ग्रीक ऑर्थोडॉक्स, आम्ही कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, इथिओपियन आणि सिरियन. कुठली पायरी कुणी झाडायची, कुठला दिवा कुणी लावायचा, हे ऑटोमन सुलतानाच्या काळापासून ठरलेलं आहे. १८५२ च्या फर्मानाने जे जसं आहे तसंच ठेवायचं ठरलं. दर्शनी भिंतीवर खिडकीखाली एक लाकडी शिडी आहे. ती कोणाच्या हद्दीत येते यावर एकमत नाही, म्हणून ती अठराव्या शतकापासून तिथेच उभी आहे. आणि दाराच्या किल्ल्या? त्या पिढ्यानपिढ्या मुसलमान घराण्यांकडे. एक घराणं किल्ली सांभाळतं, दुसरं दार उघडतं.

आमच्या वसईत दोन चुलत भावांत विहिरीच्या रहाटावरून भांडण झालं तर आता आम्ही म्हणतो, 'शिडी झाली'.


खळ्यावरची

@दगडधोंडे: मान्य, पुराव्यात तुम्ही जिंकलात. आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "असंल तिथं. पण मला टेकायला जागा हितं मिळाली."


नाथसागर_काठ

ताई, गालीलचा समुद्र कसा वाटला ते लिहा की. आम्ही शाळेत 'समुद्र शांत झाला' वाचलंय, डोळ्यांपुढे अलिबागच.


खळ्यावरची

तुमच्या नावावरूनच उत्तर देते! गालीलचा समुद्र म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. लांबी २१ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त १३. क्षेत्रफळात आपला नाथसागर त्याच्या दुप्पट भरेल. बोटीत बसल्यावर आमच्यातल्या शेवगावच्या एकांनी जाहीर केलं, "येवढ्या पाण्याला समुद्र म्हणायचं असंल तर आपण रोज समुद्रावर म्हशी धुतो."

बोटवाल्यांनी तिरंगा चढवला आणि जन गण मन लावलं. भारतीय गट आला की हे करतातच. पण खरंच अंगावर काटा आला. मग आम्ही मराठी गीतं म्हटली, नर्सबाईंचा आवाज पाण्यावर कुठवर गेला असेल.

तळं समुद्रसपाटीच्या दोनशेहून अधिक मीटर खाली आहे, भोवती डोंगर. घळीतून वारा अचानक उतरतो आणि सपाट पाणी पंधरा मिनिटांत खवळतं. आम्ही किनाऱ्याला लागलो तेव्हा झुळूक सुटली होती, तेवढ्यात बोट अशी हलायला लागली की शिष्य का ओरडले ते समजलं.

जेवणात 'पेत्राचा मासा'. अख्खा तळलेला, डोळ्यांसकट, सोबत लिंबू. सगळे श्रद्धेने बघत होते. आईने एक तुकडा मोडला आणि म्हणाली, "चिलापी." तीच! पैठणहून येते ती. वंशावळ एकच.

फेब्रुवारीत गेलो म्हणून डोंगर हिरवे होते आणि लाल रानफुलं फुललेली. 'रानातील भूकमळे' म्हणजे हीच असावीत असं वाटाड्या म्हणाला. उन्हाळ्यात गेलात तर फक्त गवत वाळलेलं दिसेल. वेळ निवडता आला तर फेब्रुवारी-मार्च.


दगडधोंडे

गिनोसार किबुत्झमध्ये (सामूहिक शेतीच्या वसाहतीत) ठेवलेली जुनी नाव बघितलीत का? १९८६ च्या दुष्काळात तळ्याचं पाणी ओसरलं तेव्हा दोघा भावांना चिखलात सापडली. लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास, काळ पहिलं शतक. येशू तिच्यात बसला होता असं कुणी म्हणत नाही, पण बसला असेल तर अशाच नावेत. लाकूड कितीदा ठिगळं लावून दुरुस्त केलंय, बारा जातींचं. गरिबाची नाव.

तुमच्या कंडक्टर काकांच्या प्रश्नाचं उत्तरही द्यायचंय. यार्देन एवढी बारीक का? कारण पाणी वरच उचललं जातं. १९६४ पासून इस्राएल तळ्यातून नळ-कालव्यांनी पाणी दक्षिणेला नेत आलाय, आणि यार्मुक ही उपनदी सीरिया आणि जॉर्डन अडवतात. खाली पूर्वीच्या दहावा हिस्साही पाणी पोचत नाही. म्हणून मृत समुद्राची पातळी वर्षाला मीटरभर खाली चाललीय. जुन्या हॉटेलांपासून पाणी लांब गेलंय, मधल्या जमिनीत खड्डे पडतायत.


नाथसागर_काठ

म्हणजे तिकडेही वरच्यांनी धरणं बांधायची आणि खालच्यांनी नदीत क्रिकेट खेळायचं. आम्ही मराठवाड्याच्या काठाचे, ताई नगरच्या. यावर आता मी काही बोलत नाही.


खळ्यावरची

बोलू नकाच. चिलापी पाठवा.


चावडी

सगळं छान, पण या यात्रांना सरकार पैसे देतं ना? हज अनुदान बंद केलं, मग हे कसं चालतं?


खळ्यावरची

हजचं अनुदान २०१८ ला बंद झालं, ते खरं. यरुशलेम यात्रेला आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू सरकारं मदत देतात, हेही खरं. आम्हाला कुणाकडून रुपयाही मिळालेला नाही. आईचे पैसे पोस्टातल्या आवर्ती ठेवीचे, पाच वर्षांच्या. कंडक्टर काकांचे ग्रॅच्युइटीतले. एका जोडप्याने गाय विकली. यावर वाद घालायचा तर वेगळा धागा काढा, माझी विनंती.


निवृत्त_सुभेदार

धागा वाचला. कर्मेल डोंगराकडे गेला असाल तर हैफा शहर लागलं असेल. तिथे भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे. २३ सप्टेंबर १९१८ ला जोधपूर आणि म्हैसूर लान्सर्सनी भाले-तलवारी घेऊन घोड्यांवरून हैफा सर केलं, समोर तुर्कांच्या मशीनगन. मेजर दलपतसिंग शेखावत त्यात पडले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातले तीन पुतळे जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबादच्या लान्सर्सचे. २०१८ पासून त्या चौकाचं नावच तीन मूर्ती हैफा चौक झालं. पलटणीत आम्ही हा दिवस पाळायचो. तुमच्या सहलवाल्यांनी दुकानाऐवजी तिथे दहा मिनिटं थांबवलं असतं तर बरं झालं असतं.


खळ्यावरची

@निवृत्त_सुभेदार काका: कर्मेलवर एलीया संदेष्ट्याच्या जागी गेलो, पण हैफा बसच्या खिडकीतून. वाईट वाटलं वाचून.

@दगडधोंडे: नाव काचेबाहेरून पाहिली, तिकिटाचा दर बघून सहलवाले आत न्यायला तयार नव्हते. तेव्हा मला वाटलं चुकलं काय, नावच तर आहे. तुमचं ठिगळांचं वाचून आता चुटपुट लागली.


लोदवाली_आत्या

शालोम आणि नमस्कार. मी इथे पहिल्यांदाच लिहितेय, वाचते मात्र रोज. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी. आईवडील रेवदंड्याचे, मी लहान असताना इकडे आलो. माझं मराठी वाचून हसू नका, ते १९६९ सालचं आहे.

बाळ, तू कर्मेलवर एलीयाच्या जागी गेलीस ना, आमच्यात त्याला एलियाहू हन्नबी म्हणतात. आमची माणसं कोकणात कशी आली ते सांगतात, नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि वाचले ते तिथेच राहिले. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. तिकडे अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर खूण आहे, एलियाहू तिथून स्वर्गात गेला म्हणतात. इथे आल्यावर सगळे विचारतात, पण एलीया तर कर्मेलवर होता ना? मी म्हणते, त्याचा अग्नीचा रथ होता, त्याला कोकण काय लांब.

नवस फेडायला आम्ही मलिदा करतो. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. अजून करतो. लोदमध्ये, दिमोनात, अश्दोदला, रामल्यात तुम्हाला रस्त्यावर मराठी ऐकू येईल. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकसुद्धा इथून निघतं.

आणि इथला बेन गुरियन विमानतळ लोदच्या वेशीवरच आहे. पेत्राने खाटेवरच्या माणसाला उठवलं ते लोद हेच. तुमच्या बसा सरळ पुढे जातात. कधी कुणी थांबत नाही.


उमेळेकर

आत्या, काय लिहिलंत! आमच्या वसईत म्हातारी माणसं अजून शनिवार तेल्यांच्या गोष्टी सांगतात. मलिदा आमच्याकडेही वेगळ्या कारणाने होतो. तुम्ही बऱ्या आहात ना? तिकडच्या बातम्या बघून काळजी वाटते.


लोदवाली_आत्या

आहोत. सायरन वाजला की जिन्याखालच्या खोलीत जातो. माझे गुडघे आता जिना लवकर उतरत नाहीत, म्हणून मुलाने खाटच तिथे टाकून दिलीय. समोरचा फळवाला अरब, चाळीस वर्षांची ओळख. आता दोघं जरा कमी बोलतो, पण भाजी त्याच्याकडूनच. याहून जास्त इथे लिहीत नाही.


सहज_विचारलं

आता जाणं शहाणपणाचं आहे का? माझे सासरे मागे लागलेत, त्यांच्या मंडळीतून गट निघणार म्हणतात.


खळ्यावरची

परराष्ट्र मंत्रालयाची सूचना बघा, ती बदलत असते. गट रद्द झाला तर पैसे परत कसे मिळणार ते लेखी घ्या, तोंडी नको. विम्याच्या कागदात युद्ध वगळलेलं असतं, तेही वाचा. निर्णय तुमचा, मी जा म्हणणार नाही आणि जाऊ नका असंही नाही.

जायचं झालंच तर सासऱ्यांसाठी: काठी घ्या, यरुशलेमचे दगड घासून गुळगुळीत झालेत, पावसात घसरतात. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे. शौचालयासाठी सुट्टी नाणी जवळ ठेवा. आणि शुक्रवारी संध्याकाळी गालीलच्या तळ्याकाठी तिबिर्यात मुक्काम असेल तर लिफ्ट प्रत्येक मजल्यावर आपोआप थांबते, शब्बाथला, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, बटण दाबायचं नसतं म्हणून. आमचे सहा जण सातव्या मजल्यापर्यंत प्रत्येक दाराशी बाहेर पडून परत आत शिरत होते. यार्देनचं पाणी बाटलीत भरून आणायचं असेल तर मोठ्या बॅगेत टाका आणि झाकणाला टेप लावा. आमच्या एका काकूंची बाटली गळली आणि पाळकसाहेबांच्या कोटाचा दुसऱ्यांदा बाप्तिस्मा झाला.

@लोदवाली_आत्या: आईला तुमचं सगळं वाचून दाखवलं. ती विचारतेय, पुढच्या वेळी बस थांबवली तर काय आणू? पोहे आणू का मलिद्याला?


लोदवाली_आत्या

पोहे नको ग, पोहे रामल्याच्या दुकानात मिळतात. कोकम आण. आणि तुझ्या आईला म्हणावं, माझ्याकडे रेवदंड्याहून आणलेला पाटा आहे, काळ्याच दगडाचा. कधीचा टाकवायला झालाय. इथे ते कुणाला येत नाही.